ती गिटार जुगाड नव्हती



मागच्या आठवड्यात चॅनेलवर 'कमी भांडवलात पहिलं मशीन' हा व्हिडिओ टाकला. त्यात मी दोनच मिनिटं ब्रायन मेच्या गिटारबद्दल बोलले होते. त्यावर खूप जणांचं म्हणणं एकच, "ताई, म्हणजे गोऱ्यांचाही शेवटी जुगाडच की!" काहींनी तर पुढे लिहिलं की आम्हीही आता मशीन विकत न घेता घरच्या घरी काहीतरी जुळवतो.

थांबा. मला हे पटत नाही. का पटत नाही ते दहा मिनिटांच्या व्हिडिओत मावलं नसतं, म्हणून हा लेख. थोडा लांब झालाय, चहा घेऊन बसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्रायन मे म्हणजे 'क्वीन' या इंग्लंडच्या रॉक बँडचा गिटारवादक. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळ नाव फारुख बलसारा, हा आमच्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि शाळेतच त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा आपला पहिला बँड केला. त्यामुळे आम्हा सातारकरांना क्वीनबद्दल उगाच थोडी आपुलकी असते. असो, आज फ्रेडी नाही, आज ब्रायनची गिटार.

१९६३ चा ऑगस्ट महिना. ब्रायन सोळा वर्षांचा. त्याला फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार हवी होती, म्हणजे त्या काळातली 'ब्रँडेड' वस्तू. घरच्यांना ती झेपणारी नव्हती. मग बाप-लेकांनी ठरवलं, आपणच बनवू. दोनेक वर्षं दोघं हातातल्या साध्या हत्यारांनी काम करत होते. गिटारची मान केली ती एका जुन्या फायरप्लेसच्या महोगनी लाकडातून. त्या लाकडाला कीड लागली होती, ती भोकं काड्यापेटीच्या काड्या घालून बुजवली. अंगासाठी जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड, वर महोगनीचा पातळ पत्रा. मानेवर पट्ट्यांच्या खुणा म्हणून गोल ठिपके असतात, त्यासाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. (माझं शिलाई साहित्याचं दुकान आहे, त्यामुळे हा भाग वाचून मला जो आनंद झाला तो विचारू नका.) तारा सैल-घट्ट करून सूर हलवायचा एक दांडा असतो, तो सायकलच्या सीटमागे पिशवी अडकवायच्या सळईचा. दांड्याच्या टोकाला आईची विणकामाची सुई. आणि तारांच्या ताणाला तोलून धरायला आतल्या स्प्रिंगा, त्या १९२८ च्या पँथर मोटरसायकलच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या.

ही गिटार म्हणजे 'रेड स्पेशल'. क्वीनच्या जवळजवळ सगळ्या रेकॉर्डवर हीच आहे. १३ जुलै १९८५ चा लाइव्ह एड, १९८६ मधले वेम्बली स्टेडियमचे दोन दिवस, जून २००२ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या पन्नाशीला बकिंगहॅम पॅलेसच्या गच्चीवर उभं राहून वाजवणं, सगळीकडे हीच.

इथपर्यंत ऐकलं की कोणीही म्हणेल, जुगाड! भंगारातून गिटार! पण सामान कुठून आलं एवढ्यावरून कामाचं नाव ठरत नाही. माझ्या मते जुगाड म्हणजे आजची अडचण आज कशीबशी भागवणं. तुटलेल्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावणं हा जुगाड. त्यात वाईट काही नाही, मीही दिवसातून चार वेळा करते. पण ती पिन लावून तुम्ही पन्नास वर्षं दौरे करत नाही.

बाप-लेकांनी काय केलं ते नीट बघा. ब्रायनचे वडील हॅरोल्ड हे इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातले माणूस, विमानांच्या यंत्रणेवर नोकरी करणारे. घरात ज्ञान होतं. आणि सुरुवात करायच्या आधीच त्यांना बाजारातल्या गिटारच्या खोड्या माहीत होत्या. एक खोड अशी की तो दांडा दाबून सोडला की तारा पूर्ववत जागेवर येत नाहीत, गिटार बेसूर होते. कारण तारा जिथे जिथे टेकतात तिथे घर्षण होतं. म्हणून यांनी पुलावर प्रत्येक तारेखाली फिरणारं छोटं रोलर बसवलं आणि दांड्याचा सगळा भाग सुरीच्या पात्यासारख्या धारेवर तोलला, म्हणजे घासायला जागाच कमी. दुसरी गोष्ट, ब्रायनला गिटार मोठ्या आवाजात अँपसमोर धरली की ती स्वतःहून गात राहावी असं हवं होतं. त्याला फीडबॅक म्हणतात. म्हणून अंग मुद्दाम आतून थोडं पोकळ ठेवलं. तिसरी गोष्ट, तीन पिकअप, म्हणजे तारेचा कंप पकडून त्याची वीज करणारे भाग. प्रत्येकाला वेगळं बटण, आणि प्रत्येकाची दिशा उलटी करायला आणखी एक वेगळं बटण. त्यामुळे आवाजाचे इतके प्रकार मिळतात की दुकानातल्या गिटारमध्ये तेव्हा ते मिळत नव्हते.

म्हणजे आधी तक्रारींची यादी, मग त्यावर उपाय, आणि सामान सगळ्यात शेवटी. फायरप्लेसचं लाकूड दिसलं म्हणून गिटार नाही बनवली.

आता माझ्या बॅचमधलं उदाहरण देते. ताईंची परवानगी घेतली आहे, नाव देत नाही. घरी ब्लाऊज शिवतात, हात चांगला, गिऱ्हाईक बांधलेलं. त्यांना कॉम्प्युटराइज्ड एम्ब्रॉयडरी मशीन घ्यायचं होतं. कर्जाची तयारी झालेली, दीर भरवशावर बसलेले, एजंट रोज फोन करतोय. मी विचारलं, आत्ता तुमच्या हातून कोणतं काम परत जातं? विचार करून म्हणाल्या, "काम नाही परत जात मॅडम, वेळेत होत नाही. लग्नसराईत मशीन अडकलं की दोन-दोन दिवस जातात."

बघा, तक्रार काय आणि खरेदी काय! त्यांची अडचण भरतकामाची नव्हतीच. शिलाईचं मशीन एक, तेही जुनं, आणि ते बंद पडलं की अख्खं दुकान बंद.

तरीही आपण हिशोब मांडला, कारण नुसतं 'नको' म्हणणं हे काही प्रशिक्षण नाही. समजा मशीन चार लाखांना, व्याज १२ टक्के, मुदत तीन वर्षं. महिन्याचा हप्ता येतो साधारण १३,३०० रुपये. दोरा, कॅनव्हास, वीज वजा जाता एका ब्लाऊजच्या भरतकामातून हाती १५० रुपये राहतात असं धरू. म्हणजे महिन्याला ८९ ब्लाऊज फक्त हप्त्यासाठी भरायचे. आषाढातसुद्धा. त्या ताईंकडे भरतकाम मागणारी गिऱ्हाइकं महिन्याला दहा-बारा.

हे आकडे तुमच्या गावात वेगळे असतील, तुमचे तुम्ही घाला. पण वही काढून घाला. डोक्यातल्या डोक्यात केलेला हिशोब नेहमी मशीन घेण्याच्या बाजूनेच येतो, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलंय की आता त्यावर वाद घालत नाही.

बरं, मग काय, ब्रायनसारखं घरीच बनवायचं का? नाही हो. इथे मला त्या रील बनवणाऱ्यांचा राग येतो. 'पैसे नव्हते, तरी बनवली, तुम्हीही बनवा' असं सांगतात आणि एक गोष्ट गिळून टाकतात. दोन वर्षांची मजुरी. सोळा वर्षांच्या मुलाला दुकानाचं भाडं नव्हतं, हप्ता नव्हता, घरी ताटात जेवण येत होतं. वडिलांचा पगार सुरू होता. त्यांच्या हातच्या कौशल्याचं बिल कोणी लावलं नाही. बीबीएला आम्हाला 'संधी खर्च' शिकवायचे, म्हणजे या वेळात दुसरं काय कमावलं असतं तो खर्च. तेव्हा तो परीक्षेपुरता पाठ केला. दुकान टाकल्यावर कळलं की तो रोज गल्ल्यातून जातो. तुमच्याकडे दोन वर्षं मोकळी असतील आणि घरात हॅरोल्ड असतील, तर जरूर बनवा.

आणि तेही सगळं घरी बनवत बसले नाहीत. पिकअप ब्रायनने सुरुवातीला स्वतः गुंडाळून बनवले होते. वाजायचे, पण बोटाने तार आडवी ओढली की नको तो आवाज यायचा. आणि तार आडवी ओढणं हाच तर त्याच्या वाजवण्याचा जीव. मग काय केलं? बर्न्स कंपनीचे तयार ट्राय-सॉनिक पिकअप विकत आणून बसवले, आणि ते मोठ्या आवाजात शिट्टी मारू नयेत म्हणून आत अराल्डाइट भरून घट्ट केले. 'आम्ही सगळं हाताने केलं' असं म्हणायची हौस बाजूला ठेवली. जे घरी चांगलं होत होतं ते घरी, जे होत नव्हतं ते दुकानातून. मसाल्याच्या उद्योगातल्या ताई-दादांनी हे वाक्य जरा परत वाचा. भाजणं तुमच्या हातचं ठेवा, पण पाकिटाचं सीलिंग मेणबत्तीवर करू नका.

एरिक क्लॅप्टनचं उदाहरण मला यापेक्षा जास्त व्यवहारी वाटतं, पण त्याच्यावर कोणी रील करत नाही. १९७० च्या सुमाराला तो अमेरिकेत नॅशव्हिलला गेला. तेव्हा जुन्या स्ट्रॅटोकास्टरना फारसा भाव नव्हता. त्याने एका दुकानातून अशा बऱ्याच जुन्या गिटार उचलल्या, शंभरेक डॉलरला एक. काही मित्रांना दिल्या, त्यात जॉर्ज हॅरिसनही होता. उरलेल्या तिघींचे चांगले चांगले भाग काढून एक गिटार जोडली. एकीचं अंग, एकीची मान, एकीचे पिकअप. काळा रंग म्हणून तिचं नाव 'ब्लॅकी'. १९८५ पर्यंत त्याने ती स्टेजवर वापरली आणि २००४ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात, समाजकार्याच्या पैशांसाठी, ती ९,५९,५०० डॉलरला गेली. लिलावाची किंमत विसरा, ती क्लॅप्टनच्या हाताची आहे. लक्षात ठेवायचं ते हे की माणसाला ओळख होती. कोणतं अंग चांगलं, कोणती मान सरळ, हे त्याला हातात घेऊन कळत होतं. सेकंडहँड मशीन घ्यायला जाताना तुमच्याबरोबर तसा ओळखणारा माणूस हवा. रविवारी मिस्त्रीला पाचशे रुपये द्या, पण सोबत न्या.

आता दौऱ्याकडे येऊ, कारण माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे.

घरात बसून वाजवायला एक गिटार पुरते. पण दौऱ्यावर रोज नवं शहर, समोर हजारो लोक तिकीट काढून बसलेले, आणि गाण्याच्या मध्येच तार तुटते. ब्रायनची गिटार तर जगात एकच. तशी दुसरी कोणत्याच दुकानात नाही. म्हणून सत्तरच्या दशकातच जॉन बर्च नावाच्या कारागिराकडून तिच्यासारखी दुसरी बनवून घेतली. दिसायला तशीच, पण तंतोतंत तशी नाही. १९८२ च्या अमेरिका दौऱ्यात एका कार्यक्रमात ती सुरात राहीना, तेव्हा ब्रायनने वैतागून ती भिरकावली आणि तिचे तुकडे झाले. इतका शांत माणूस, ज्याने पुढे २००७ मध्ये खगोलशास्त्रात पीएचडी पूर्ण केली, त्याचा संयम पर्यायी गिटारने संपवला!

नंतर १९८४ पासून गिल्ड कंपनीने तिच्या नकला काढल्या. मग १९९८ च्या आसपास ऑस्ट्रेलियाचे कारागीर ग्रेग फ्रायर यांनी मूळ गिटारची नीट दुरुस्ती केली आणि तिचा बारकाईने अभ्यास करून तीन प्रती बनवल्या. तिथून पुढे ब्रायनला विश्वासाने हातात घेता येईल अशी दुसरी गिटार मिळाली. हिशोब करा, पहिली गिटार तयार झाल्यापासून चांगली जोडीदार मिळायला तीस वर्षांहून जास्त काळ लागला.

म्हणून मी बॅचमध्ये विचारते, तुमचं दुसरं मशीन कुठे आहे? बहुतेकांकडे नसतं. काहींकडे असतं, माळ्यावर, आजीच्या काळातलं पायमशीन, बॉबिन केस हरवलेली. ते दुसरं मशीन नाही, ती आठवण आहे. दुसरं मशीन म्हणजे जे आज दुपारी काढून, तेल घालून, गिऱ्हाइकाच्या कपड्यावर टाके घालता येतील ते. महिन्यातून एक दिवस मुद्दाम त्याच्यावरच काम करा. टाका सैल येतोय का, दाते कापड नीट ओढतायत का, हे लग्नाच्या आदल्या रात्री कळून उपयोग नाही.

त्या ताईंनी शेवटी काय केलं ते सांगते. एम्ब्रॉयडरी मशीन घेतलं नाही. सेकंडहँड मोटरचं शिलाई मशीन घेतलं आणि जुन्याचीही दुरुस्ती करून घेतली. भरतकामाची दहा-बारा कामं त्या गावातल्याच एका कारागिराकडून करून घेतात आणि मध्ये आपला हिस्सा ठेवतात. एजंट नाराज आहे. दीरही थोडे.

आणि हे काम दुसऱ्याकडून करून घेण्यात कमीपणा वाटणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट. 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' हे क्वीनचं १९७९ चं गाणं. जुन्या रॉक अँड रोल धर्तीचं. निर्माता मॅक यांनी आग्रह धरला की याला फेंडर टेलिकास्टरचाच आवाज हवा. ब्रायनने आपली लाडकी गिटार बाजूला ठेवली आणि बँडचा ड्रमर रॉजर टेलर याच्याकडची टेलिकास्टर घेऊन वाजवलं. पुढे दौऱ्यावरही या गाण्याला स्टेजवर टेलिकास्टर यायची. स्वतःच्या हातची, वडिलांबरोबर बनवलेली, जगात एकच असलेली गिटार असूनही! माझ्या ओळखीत असे लोक आहेत की घरच्या घाण्यातून निघालेल्या तेलावर इतकं प्रेम, की गिऱ्हाइकाने वेगळ्या वासाचं मागितलं तर त्यालाच चार शब्द ऐकवतात.

अजून एक गंमत. ब्रायन प्लास्टिकच्या पिकने वाजवत नाही, नाण्याने वाजवतो. इंग्लंडचं जुनं सहा पेनीचं नाणं. त्याची कडा दातेरी असते, ती तारेवर घासली की आवाजाला किंचित खरखर येते. आता हे नाणं १९८० मध्ये चलनातूनच बंद झालं. म्हणजे तुमच्या उत्पादनाचा खास वास, खास रंग ज्या एका कच्च्या मालावर आहे तोच बाजारातून गेला असं समजा. त्याचं नशीब थोर, १९९३ च्या त्याच्या स्वतःच्या दौऱ्यासाठी इंग्लंडच्या टांकसाळीने खास सहा पेनीची नाणी पाडून दिली. तुमच्या-माझ्यासाठी टांकसाळ काही उघडणार नाही. मी माझ्या दुकानात एका विशिष्ट शेडचा दोरा घेणाऱ्या बुटीकवाल्या ताईंना स्पष्ट सांगते, कंपनीने हा शेड बंद करायच्या आत दुसऱ्या कंपनीचा जुळणारा शेड शोधून ठेवा, आणि तोवर दोन डबे जास्तीचे घेऊन जा. त्यांना वाटतं मी माल खपवतेय. वाटू दे.

या सगळ्यात एका प्रश्नावर माझं अजून मत पक्कं होत नाही. ब्रायनच्या गिटारच्या नकला आता 'ब्रायन मे गिटार्स' या त्याच्याच नावाने बाजारात मिळतात, सामान्य माणसाला परवडतील अशा. ज्या मुलाला दुकानातली गिटार परवडली नव्हती, त्याचीच गिटार आता दुकानात आहे. धंदा म्हणून हे उत्तमच. पण आपली खास वस्तू किती लवकर इतरांना बनवायला द्यायची? क्वीनचा पहिला अल्बम १९७३ चा आणि गिल्डच्या नकला १९८४ च्या, म्हणजे नाव झाल्यावर, लोक मागायला लागल्यावर. माझ्या बॅचमध्ये मात्र सहा महिन्यांत फ्रँचायझी द्यायला निघालेले दोघे जण आहेत. मी त्यांना थांबा म्हणतेय, ते मला 'जुन्या विचारांची' म्हणतायत. तुम्हाला काय वाटतं ते व्हिडिओखाली लिहा, मी वाचते.

पुढच्या गुरुवारी मशीनचं कोटेशन कसं वाचायचं यावर बोलणार आहे. जीएसटी, वॉरंटी, इन्स्टॉलेशन आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं सगळं. तुमच्याकडे एखादं कोटेशन आलं असेल तर विक्रेत्याचं नाव झाकून फोटो पाठवा, त्यातलीच दोन-तीन घेईन.